देवळातलं भजन दूरवर न तुटता पोहोचवायचं: जिटर बफर लावण्याची रीत

फोंड्यातल्या एखाद्या देवळात कीर्तन चालू असतं. आवाज मिक्सरमधून लॅपटॉपात जातो, तिथून इंटरनेटवर, आणि मग बोरिवलीत किंवा दुबईत बसलेल्या मंडळींच्या कानात. सभामंडपात सगळं स्वच्छ ऐकू येतं. पलीकडून मात्र निरोप येतो की आवाज अडकतो, मधलाच शब्द गळतो, झांज वाजली की करकर होते. यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो जास्त वेगाचं कनेक्शन घेण्याचा. १०० एमबीपीएसचं फायबर येतं आणि तक्रार होती तशीच राहते. राहणारच, कारण ओपस या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीत, गाण्याचा चांगला स्टिरिओ आवाज १२८ केबीपीएसमध्ये (०.१२८ एमबीपीएस) मावतो. वेग कधी कमी नव्हताच. अडचण आहे ती पॅकेटं, म्हणजे आवाजाचे छोटे गठ्ठे, पोहोचण्याच्या अनियमितपणाची, आणि त्यावरचा उपाय म्हणजे जिटर बफर.

होतं ते असं. एन्कोडर, म्हणजे पाठवणाऱ्या बाजूचा प्रोग्राम, आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि एकेक तुकडा एकेका पॅकेटात घालून पाठवतो. म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं, अगदी सारख्या अंतराने निघतात. वाटेत राऊटर, वाय-फाय, मोबाइल टॉवर आणि इतरांची रहदारी असते, त्यामुळे पोहोचताना ते अंतर बिघडतं. एक पॅकेट १८ मिलिसेकंदांनी येतं, पुढचं ६० नी, मग तीन एकदम. विलंबातल्या या चढउताराला जिटर म्हणतात. ऐकणाऱ्याच्या यंत्राला मात्र दर २० मिलिसेकंदांना एक तुकडा वाजवावाच लागतो. वेळेवर हाती नसला की तिथे खड्डा पडतो.

जिटर बफर आलेली पॅकेटं लगेच वाजवत नाही. थोडा साठा करतो आणि मग एका लयीत सोडतो. पेटी वाजवणाऱ्यांना हे चटकन कळेल. हाताने भाता मारताना दाब कधी जास्त, कधी कमी पडतो, तरी सूर थरथरत नाही, कारण पेटीच्या पोटातला दुसरा भाता हवा साठवून सुरांना एकसारखी पुरवतो. बफरचं कामही तेवढंच. शिवाय आरटीपी या थेट आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पॅकेटावर क्रमांक आणि वेळेचा शिक्का असतो, त्याच्या आधारे उलटसुलट आलेली पॅकेटं बफर ओळीत लावून घेतो.

एक मर्यादा सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही थेट यूट्यूबसारख्या मंचावर प्रक्षेपण करत असाल, तर शेवटच्या श्रोत्याकडचा बफर तुमच्या हातात नसतो. तिथे मुळातच काही सेकंदांचा साठा ठेवलेला असतो. खाली लिहिलंय ते तुमच्या स्वतःच्या दुव्याबद्दल: देवळातून स्टुडिओत, एका सभागृहातून दुसऱ्यात, किंवा तुमच्या सर्व्हरपर्यंत आरटीपी, एसआरटी (हरवलेलं पुन्हा मागवणारी पद्धत) किंवा वेबआरटीसीने (ब्राउझरमधून थेट बोलण्याची पद्धत) जाणारा आवाज.

पायरी पहिली: पलीकडचा माणूस नुसता ऐकणार की बोलणारही, हे ठरवा

बफर मोठा केला की आवाज तुटत नाही, पण उशिरा पोहोचतो. किती उशीर चालेल ते कामावर अवलंबून आहे, म्हणून आकडा ठरवण्याआधी काम ठरवा.

दोन्हीकडून बोलणं होणार असेल, म्हणजे पणजीच्या स्टुडिओतून निवेदक प्रश्न विचारणार आणि साखळी गावातून कीर्तनकार उत्तर देणार, तर हात आखडता घ्यावा लागतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला की संभाषण सहज होतं, आणि ४०० च्या पलीकडे तो जाऊ देऊ नये. हा तोंडापासून कानापर्यंतचा सगळा विलंब आहे. एन्कोडरचा वेळ आणि वाटेतला प्रवास वजा जाता बफरच्या वाट्याला बहुधा ६० ते ८० मिलिसेकंद उरतात.

नुसतं ऐकवायचं असेल तर एक-दोन सेकंदांचा बफरही खुशाल ठेवा. नवशिके इथे विनाकारण कंजुषी करतात. ‘लेटन्सी (विलंब) कमी म्हणजे चांगली’ असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि ५० मिलिसेकंदांवर सेटिंग नेऊन ठेवतात. दुबईतल्या आजीला अभंग दीड सेकंद उशिरा ऐकू आला तर तिचं काहीच बिघडत नाही. मधली ओळ गळली तर बिघडतं. अपवाद दोनच. चित्र वेगळ्या वाटेने जात असेल तर ओठ आणि आवाज जुळवण्यासाठी चित्रालाही तेवढाच विलंब द्यावा लागतो. आणि देवळाच्याच आवारातल्या दुसऱ्या मांडवात आवाज पाठवत असाल, तर मूळ कर्ण्यांचा आवाज आधी आणि तुमचा नंतर असा घोळ होतो. तिथे इंटरनेटचा नाद सोडा आणि सरळ केबल ओढा.

गायक मडगावात आणि तबलजी म्हापशात बसवून दोघांना एकत्र वाजवायला लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. एका दिशेचा विलंब साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की दोघं एकमेकांची वाट बघू लागतात आणि लय खाली येते. घरगुती इंटरनेट आणि बफर मिळून तेवढ्यात बसणं फार कठीण.

पायरी दुसरी: गर्दीच्या वेळी मोजा

या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा. दुसऱ्याने सांगितलेला आकडा उचलू नका. दुपारी दोन वाजता रिकाम्या देवळात घेतलेलं मोजमापही उपयोगाचं नाही. जत्रेच्या रात्री हजारो माणसं आवारात असतात, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, पालखी निघाली की सगळे एकदम व्हिडिओ पाठवू लागतात. दुपारी टॉवरवर मोकळी असलेली वाट तेव्हा तुंबलेली असते. म्हणून मोजायचं ते आरतीच्या वेळी, सणाच्या दिवशी, निदान आधीच्या सोमवारी किंवा एकादशीला.

सुरुवात पिंगने करा, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक देऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणाऱ्या आज्ञेने. पिंग द्यायचा तो तुमचा आवाज जिथे पोहोचणार आहे त्याच यंत्राला. गूगलच्या पत्त्यावर आलेला चांगला आकडा तुमच्या वाटेबद्दल काही सांगत नाही. निदान १५ मिनिटं चालू द्या. शेवटी सरासरी दिसेल, तिच्यावर विसंबू नका. सरासरी ३५ असते आणि मधूनच १९० ची उडी असते. बफर त्या उडीसाठी लावायचा असतो. पिंगचा आकडा जाऊन-येऊनचा असतो आणि तो सेकंदाला एकच नमुना घेतो, त्यामुळे त्याच्यावरून फक्त अंदाज येतो.

खरं मोजमाप प्रत्यक्ष आवाज पाठवून. ऐकणाऱ्या बाजूच्या संगणकावर वायरशार्क हा मोफत प्रोग्राम चालू ठेवा आणि खराखुरा आरटीपी प्रवाह अर्धा तास पकडा. मग त्याच्या टेलिफोनी मेनूत आरटीपी प्रवाहाचं विश्लेषण उघडा. तिथे प्रत्येक पॅकेटासमोर डेल्टा, जिटर आणि स्क्यू (ठरल्या वेळेपासून पॅकेट एकूण किती सरकलं) असे रकाने दिसतील. नवखा माणूस जिटरचा रकाना बघतो, कारण नाव ओळखीचं असतं. पण आरटीपीचे नियम सांगणाऱ्या २००३ सालच्या आरएफसी ३५५० या दस्तऐवजात जिटर मोजण्याचं जे सूत्र दिलंय, त्यात प्रत्येक नव्या फरकाचा फक्त सोळावा हिस्सा आधीच्या आकड्यात मिसळला जातो. त्यामुळे अचानक आलेली मोठी उडी त्यात विरघळून जाते. तुम्ही डेल्टा बघा, म्हणजे आधीच्या पॅकेटानंतर हे पॅकेट किती वेळाने आलं. २० च्या जागी १४० दिसले तर ते पॅकेट आधीच्याच्या मानाने १२० मिलिसेकंद मागे पडलं.

आता किती पॅकेटं उशिरा आली तर चालेल? इथे टक्केवारी फसवते. तासाला १,८०,००० पॅकेटं जातात. ९९ टक्के वेळेवर पोहोचली हे ऐकायला छान वाटतं, पण उरलेला एक टक्का म्हणजे १,८०० खड्डे, सरासरी दर दोन सेकंदांना एक. ९९.९ टक्के वेळेवर आली तरी मिनिटाला तीन. बोलण्यात कोडेक हे खड्डे बऱ्यापैकी बुजवतो. पेटीच्या लांब सुरात किंवा झांजेच्या घुमण्यात ते कानाला टोचतात. गाण्यासाठी मी १०,००० तलं एकच पॅकेट उशिरा येईल इतपत बफर धरतो. तेव्हा तासाला १८ खड्डे उरतात आणि एकेकटा खड्डा सहसा लक्षात येत नाही.

पायरी तिसरी: बफर वाढवण्याआधी जिटर कमी करा

लॅपटॉप वाय-फायवर असेल तर तो लॅन केबलवर आणा. वाय-फायमध्ये एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीचे थांबतात, आणि टक्कर झाली की पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं. माणसांनी भरलेल्या मंडपात हे सतत घडतं. वीस मीटर केबलला खर्च फारसा येत नाही आणि सगळ्यांत मोठा फरक तिनेच पडतो.

मग अपलोड कोण कोण वापरतंय ते बघा. देवस्थानच्या कचेरीतला संगणक कॅमेऱ्याचं चित्रण वर पाठवत असेल, कुणाचा फोन त्याच वाय-फायवर फोटोंचा बॅकअप घेत असेल, तर राऊटरच्या रांगेत तुमची पॅकेटं त्यांच्या मागे उभी राहतात. अपलोड १० एमबीपीएस आणि रांगेत १ एमबीचा माल तुंबलेला असेल, तर तुमच्या पॅकेटाला ०.८ सेकंद थांबावं लागतं. इतका उशीर बफरने झाकण्यात अर्थ नाही. राऊटरमध्ये रांग सांभाळणारी स्मार्ट क्यू किंवा एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे रांग तुमच्याच राऊटरमध्ये, तुमच्या नियमाने लागेल. अशी सोय नसेल तर कार्यक्रमापुरती बाकीची यंत्रं बंद ठेवायला सांगा. देवस्थानचे लोक ऐकतात, फक्त आधी सांगावं लागतं.

पायरी चौथी: आकडा लावा

बफर ऐकणाऱ्या बाजूला असतो. देवळातल्या लॅपटॉपवर कितीही शोधलं तरी साध्या आरटीपीमध्ये ती सेटिंग तिथे सापडणार नाही. स्टुडिओतल्या किंवा सर्व्हरवरच्या प्रोग्राममध्ये ती बदलायची. व्हीएलसी या प्लेअरच्या सध्याच्या नेहमीच्या आवृत्तीत तिला नेटवर्क कॅशिंग म्हणतात आणि ती मुळात १००० मिलिसेकंदांवर असते. जीस्ट्रीमर या आवाज-चित्र हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या आरटीपी जिटर बफरमध्ये ती लेटन्सी या नावाने मुळात २०० वर असते.

हिशेब सोपा आहे. समजा मोजमापात १०,००० तलं एक पॅकेट सोडून बाकी सगळी ११० मिलिसेकंदांपेक्षा कमी उशिरा आली. त्यावर दोन पॅकेटांची, म्हणजे ४० ची सैल जागा ठेवा. १५० झाले. बफर पूर्ण पॅकेटांत मोजणं सोयीचं, म्हणून वर जाऊन १६०, म्हणजे आठ पॅकेटं. नुसतं ऐकवायचं असेल तर मी इथे थांबत नाही, याच्या दुप्पट-तिप्पट लावून मोकळा होतो.

एसआरटी वापरत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं, आणि मागवून येईपर्यंत थांबायला वेळ लागतो. मूळ सेटिंग १२० मिलिसेकंदांची असते. पिंगमध्ये दिसलेल्या जाण्यायेण्याच्या वेळाच्या चौपट ठेवावी असा प्रघात आहे, म्हणजे पिंग ४० असेल तर १६०, परदेशातल्या सर्व्हरपर्यंत १०० असेल तर ४००. इथे दोन्ही बाजूंना आकडा देता येतो आणि मोठा असेल तो लागू होतो. त्यामुळे एका बाजूला कमी करून फरक पडला नाही तर दुसरी बाजू तपासा.

स्थिर बफर की स्वतः जुळवून घेणारा?

बऱ्याच प्रोग्रामांत दोन प्रकार मिळतात. स्थिर बफर तुम्ही दिलेल्या आकड्यावर राहतो. जुळवून घेणारा बफर नेटवर्क बघून लहानमोठा होतो. प्रवचन, मुलाखत, फोनवरचं बोलणं यांना दुसरा चांगला, कारण बोलण्यात थांबे असतात आणि त्या शांततेत तो आपला आकार बदलून घेतो.

गाण्यात मात्र थांबे नसतात. तानपुरा अखंड, पेटीचा सूर लांब, टाळांचा ठेका चालू. अशा वेळी जुळवून घेणारा बफर लहान व्हायला आवाज किंचित दाबतो, मोठा व्हायला ताणतो. वेबआरटीसीमधला नेटइक्यू नावाचा बफर हेच करतो. बोलण्यात ते कळत नाही. भजनात ठेका क्षणभर धावतो किंवा रेंगाळतो आणि लांब सुराला कंप येतो. गोव्यातला श्रोता देवळातल्या भजनात वाढलेला आहे, त्याला हे लगेच कळतं, जरी नेमकं काय बिघडलं ते सांगता आलं नाही तरी. म्हणून संगीताला स्थिर बफर लावा. प्रोग्राम स्थिर पर्याय देतच नसेल, तर किमान आणि कमाल हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे ठेवा. बफरला हलायला जागा उरत नाही.

हरवलेली पॅकेटं वेगळी

उशिरा आलेलं पॅकेट आणि आलेलंच नाही ते पॅकेट, दोन्हींचा परिणाम कानाला सारखाच वाटतो. उपाय वेगळे आहेत. साध्या आरटीपीमध्ये हरवलेलं पॅकेट बफर दहा सेकंदांचा केला तरी येत नाही. त्यासाठी एसआरटीसारखी पुन्हा मागवण्याची सोय हवी, किंवा पॅकेटातच जादा माहिती घालून पाठवावी लागते. ओपसमध्ये एफईसी नावाची सोय आहे, ज्यात आधीच्या तुकड्याची हलकी प्रत पुढच्या पॅकेटात जाते. ती वापरायची तर बफर निदान एक पॅकेट जास्त ठेवा, नाहीतर प्रत येईपर्यंत वेळ टळून जाते. आणि लक्षात असू द्या, ही सोय ओपसच्या बोलण्यासाठीच्या पद्धतीत चालते. जास्त बिटरेटवर (सेकंदाला जास्त माहिती देऊन) गाणं पाठवताना ओपस दुसऱ्या पद्धतीवर जातो आणि तिथे ही प्रत जात नाही. सेटिंगमध्ये एफईसीपुढे खूण केली म्हणून गाण्याला संरक्षण मिळालं असं समजू नका.

लांब कार्यक्रमात घड्याळं सरकतात

तासाभराच्या कीर्तनात हे कळणार नाही. पण वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहासारखं २४ तास अखंड भजन पाठवायचं असेल, तर हा भाग सोडू नका.

देवळातलं ऑडिओ इंटरफेस सेकंदाला ४८,००० नमुने घेतं, आणि ऐकणाऱ्या बाजूचं यंत्र सेकंदाला ४८,००० वाजवतं. दोघांचे ४८,००० अगदी सारखे कधीच नसतात, कारण वेग ठरवणारे स्फटिक दोन्हींत वेगवेगळे आहेत. दहा लाखांत ५० भागांचा फरक अगदी सामान्य. तेवढ्याने मिनिटाला ३ मिलिसेकंद, तासाला १८० मिलिसेकंद आणि २४ तासांत ४.३ सेकंद सरकतात. वाजवणारं यंत्र वेगवान असेल तर १६० मिलिसेकंदांचा बफर ५३ मिनिटांत रिकामा होतो, नेटवर्क कितीही सुरळीत असलं तरी. यंत्र मंद असेल तर उलट होतं: बफर भरत जातो आणि शेवटी पॅकेटं टाकून द्यावी लागतात.

ओळखायची खूण अशी की तुटणं ठरावीक अंतराने होतं. जिटरमुळे पडणारे खड्डे कसेही, कधीही पडतात. घड्याळाच्या फरकाचे दर पाऊण-एक तासाने, जवळजवळ सांगून येतात. वायरशार्कच्या स्क्यू रकान्यात आकडा एकाच दिशेने सरकत राहिला तरी हेच निदान. उपाय म्हणजे ऐकणाऱ्या प्रोग्राममध्ये नमुने किंचित कमी-जास्त करून घड्याळाचा फरक भरून काढणारी रीसॅम्पलिंगची सोय चालू करणं. वेबआरटीसीवाले प्रोग्राम हे आपणहून करतात, साधे प्लेअर करतीलच असं नाही. अशी सोय नसेल तर बफर दोन-तीन सेकंदांचा ठेवा आणि मंडळं बदलताना, भजनाला क्षणभर विसावा मिळतो तेव्हा, दुवा एकदा बंद करून पुन्हा जोडा. एकदम व्यावसायिक मांडणीत दोन्हीकडची घड्याळं पीटीपी या घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीने बांधतात, नेटवर्कवरच्या आवाजासाठीच्या एईएस६७ या मानकात तीच पद्धत आहे, पण ती बंदिस्त स्थानिक जाळ्यासाठी. घरगुती इंटरनेटवर तिचा आग्रह धरू नका.

चालू असताना काय बघायचं

ऐकणाऱ्या बाजूला एक माणूस हेडफोन लावून बसवा आणि त्याच्यासमोर दोन आकडे उघडे ठेवा: उशिरा आल्यामुळे टाकून दिलेली पॅकेटं आणि हरवलेली पॅकेटं. पहिला आकडा वाढत असेल तर बफर वाढवा, एका वेळी ४० मिलिसेकंदांनी. दुसराच वाढत असेल तर बफरला हात लावू नका. केबल, टॉवर, राऊटर तपासा. दोन्ही शून्य असून आवाज तुटत असेल तर दोष नेटवर्कमध्ये नाहीच, लॅपटॉप दमलाय किंवा मिक्सरकडची पिन सैल आहे. पुष्कळ यंत्रांत बफरचा आकडा बदलला की क्षणभर आवाज जातो, तेव्हा गजर रंगात असताना बदलू नका, आरतीनंतर बदला.

सप्ताह श्रावणात येतो, म्हणजे भर पावसात. फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही यूपीएसवर हवेत, एकटा लॅपटॉप बॅटरीवर चालून उपयोग नाही. फायबर कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतून, झाडाझाडांवरून आलेलं असेल तर वादळात ते तुटू शकतं, म्हणून ४जी जोड तयार ठेवा. त्या वाटेचा जिटर फायबरहून बराच जास्त असतो, त्यामुळे तिच्यासाठी वेगळा आकडा आधीच मोजून ठेवावा लागतो. फायबरसाठी १६० आणि ४जीसाठी समजा ६००, असे दोन्ही आकडे कागदावर लिहून ऐकणाऱ्या यंत्राला चिकटवा, म्हणजे रात्री तीन वाजता पाळीवर असलेल्या मुलाला कुणाला फोन न करता ते बदलता येतील.